कौशल्यवार प्रगतिपत्रक: "टक्के किती पडले?" विचारणाऱ्या पालकांना काय सांगायचं?

शाळाबाई_भांडुप

यंदा आमच्याकडे तिसरी-चौथीला नेहमीच्या प्रगतिपत्रकासोबत कौशल्यवार पत्रक द्यायचं ठरलंय. म्हणजे गणिताची एकच ओळ नाही, सहा ओळी: स्थानिक किंमत, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, शाब्दिक उदाहरणं, मापन, आकृत्या. प्रत्येक ओळीपुढे 1 ते 4 असा स्तर. मराठीचंही तसंच.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा आहे. पट 42, वेळ 45 मिनिटं. पालकांमध्ये रिक्षावाले, शिफ्टला जाणारे, घरकाम करणाऱ्या बायका, थोडे ऑफिसवाले. काही घरांत हिंदीच बोलतात. प्रश्न काय येणार ते पाठ आहे: "टक्के किती?", "वर्गात कितवा?", "3 म्हणजे 4 पैकी 3, मग एक कुठे गेला?"

परिपत्रकातली भाषा वाचून दाखवली तर सगळे मान डोलावतील आणि दारातून बाहेर पडताना हेच विचारतील. नेमकं काय दाखवायचं, कुठल्या क्रमाने?

---

खडू_फळा

बाई, योजना समजावू नका. पेपर दाखवा. सुरुवातच दोन मुलांच्या पेपरने करा, नावं झाकून. किंवा स्वतःच दोन पेपर तयार करा, ते जास्त बरं, कारण अक्षरावरून पालक मूल ओळखतात.

समजा चौथीची गणिताची चाचणी 20 गुणांची आहे आणि चार भाग प्रत्येकी 5 गुणांचे:

पहिला मुलगा: स्थानिक किंमत 5, वजाबाकी 5, शाब्दिक उदाहरणं 1, मापन 3. एकूण 14.
दुसरी मुलगी: स्थानिक किंमत 3, वजाबाकी 2, शाब्दिक उदाहरणं 5, मापन 4. एकूण 14.

दोघांना 70 टक्के, दोघांची श्रेणी ब-2. आता पालकांना विचारा, "या दोघांचा अभ्यास घरी घ्यायचा तर एकच घ्याल का?" इथे थांबायचं. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. कोणीतरी मागच्या बाकावरून बोलतंच.

मग दोन्ही पेपरांतलं एकेक उदाहरण फळ्यावर घ्या. मुलीचं आधी:

5003 − 1678. तिने लिहिलंय 4675. बरोबर उत्तर 3325.

ही धांदल नाही. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: 8 मधून 3, 7 मधून 0, 6 मधून 0, 5 मधून 1. वरच्या संख्येत लागोपाठ शून्यं आली की हातचा कुठून आणायचा हे तिला कळलेलं नाही. अशी पाच उदाहरणं दिली तर पाचही चुकतील, पण चूक एकच. गुणांत ती पाच चुका दिसते आणि घरी "लक्ष नसतं तुझं" म्हणून ओरडा बसतो. हिला पन्नास गणितं घालून उपयोग नाही. दहाच्या आणि शंभरच्या नोटा घेऊन सुटे करायला बसवलं की दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते.

आता मुलाचं. "गाडीत 350 प्रवासी होते. ठाण्याला 128 उतरले आणि 75 चढले. आता किती?" (ठाण्याला एवढी रिकामी लोकल फक्त पुस्तकात येते, ते सोडा.) त्याने 350, 128 आणि 75 मिळवून 553 लिहिलं. बेरीज अचूक आहे! उत्तर 297 हवं होतं. याला वजाबाकी उत्तम येते, पण वाक्यातलं 'उतरले' त्याने वाचलंच नाही. आकडे दिसले की मिळवायचे, एवढंच. याला पाढे घोकायला लावणं म्हणजे दुखतंय पोट आणि लेप कपाळाला. याला रोज एक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा आणि सोडवण्याआधी विचारा, "उत्तर 350 पेक्षा जास्त येईल की कमी?" उत्तर काढायचंच नाही, फक्त एवढं सांगायचं.

एवढं झालं की सहा ओळी कशाला, हे वेगळं सांगावं लागत नाही. 15 मिनिटांत होतं.

---

नोंदवही

खडू_फळा यांच्याशी सहमत. पण पत्रक छापायला गेलं नसेल तर एक बदल करा: 1, 2, 3, 4 हे आकडे काढून टाका. तुमचा तिसरा प्रश्न, 'एक कुठे गेला', हा पालकांच्या समजुतीचा दोष नाही, पत्रकाचा आहे. आकडा दिसला की त्याचे टक्के होणारच. 3 म्हणजे 75 टक्के. अ-ब-क-डसुद्धा नको, कारण ती अक्षरं आपल्याकडे आधीच अडकलेली आहेत. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयापासून अ-1 म्हणजे 91 ते 100, अ-2 म्हणजे 81 ते 90, असं करत इ-2 म्हणजे 20 पर्यंत, ही नऊ श्रेणींची उतरंड पालकांच्या डोक्यात पक्की आहे. लाल-पिवळा-हिरवा रंग तर अजिबात नको. लाल चौकोन पाहिल्यावर पुढचं कोणी वाचत नाही.

शब्द वापरा, आणि ते मुलाबद्दल नकोत, कामाबद्दल हवेत:

मदतीने करतो
कधी जमतं, कधी नाही
स्वतः करतो
नव्या ठिकाणी वापरतो

'स्वतः करतो' या रकान्याला जाड चौकट करा आणि खाली एक ओळ: "वर्षाच्या शेवटी या इयत्तेची अपेक्षा इथपर्यंत आहे." चौथा रकाना हा पैकीच्या पैकी नाही. तिथे पोचला नाही म्हणून काही कमी पडलं असं होत नाही. हे तोंडी सांगाल, पण घरी आजोबा पत्रक बघतील तेव्हा तुम्ही तिथे नसाल, म्हणून छापलेलं हवं.

दुसरं असं की नेहमीचं प्रगतिपत्रक बंद झालेलं नाही हे पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाका, नाहीतर अर्धी सभा त्याच धास्तीत जाते. तिसरी-चौथीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं मूल्यमापन) 60 आणि संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) 40 असं वजन आहे, श्रेणी त्यातूनच लागते. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही साधनं तुम्ही वापरताच. त्या 60 गुणांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत. कौशल्यवार पत्रक म्हणजे त्याच नोंदी, फक्त बेरीज करण्याआधीच्या.

---

कुर्ल्याचा_बाबा

पालक म्हणून बोलतो, राग मानू नका. हे सगळं ऐकायला छान आहे. पण पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात गुण लागतात. शिष्यवृत्तीला गुण. दहावीला तर गुणांशिवाय काहीच नाही, अकरावीचा प्रवेश टक्क्यांवर. चौथीपर्यंत 'स्वतः करतो' आणि पाचवीला एकदम 50 पैकी 17 आले तर जबाबदार कोण? आणि नंबर कळला नाही तर आपलं मूल कुठे आहे ते आम्हाला कळणार कसं?

---

नोंदवही

दादा, शंका रास्त आहे आणि सभेत ही येणारच. पाचवी आणि आठवीला 2023-24 पासून वार्षिक परीक्षा आहे, 35 टक्के लागतात, नाही मिळाले तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात. हे सभेत लपवू नये.

पण पाचवीत 50 पैकी 17 का पडतात ते बघा. पाचवीचा भागाकार अडतो तो बहुतेकदा चौथीच्या वजाबाकीवर, आणि परिसर अभ्यासाचं उत्तर अडतं ते प्रश्न नीट न वाचल्यामुळे. चौथीच्या '70 टक्के'मध्ये हे दोन्ही झाकलं जातं. पत्रकात 'वजाबाकी: मदतीने करतो' असं दिवाळीत दिसलं तर हाताशी पाच महिने असतात.

नंबराचं म्हणाल तर, 42 मुलांत सातवा आला यावरून त्याला भागाकार येतो का हे कळत नाही. वर्ग कच्चा असेल तर कच्चं मूलही सातवं येतं. कुठे आहे ते बघायचं तर बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर 'अध्ययन निष्पत्ती' छापलेल्या असतात, तिथे बोट ठेवा. इयत्तेच्या शेवटी मुलाला काय यायला हवं ते तिथे आहे. पुस्तक घरातच असतं, पण ती पानं कोणी उघडत नाही. (शिक्षकसुद्धा, खरं सांगायचं तर.)

---

शाळाबाई_भांडुप

आकडे काढतेय, अजून छपाईला गेलेलं नाही. आता एक अडचण. एकाच कौशल्याच्या जून ते ऑक्टोबर पाच नोंदी आहेत. एका मुलाच्या 'मदतीने, मदतीने, कधी-कधी, स्वतः, स्वतः' अशा. सरासरी काढली तर मधला रकाना येतो. काय लिहू? आणि गृहपाठ न आणणाऱ्याचा स्तर खाली आणायचा का?

---

खडू_फळा

सरासरी काढू नका. शेवटच्या दोन नोंदी सारख्या असतील तर तीच लिहा: 'स्वतः करतो'. पालकांना आरटीओचं उदाहरण द्या, रिक्षावाल्या पालकांना तर लगेच पटेल. टेस्टला दोनदा नापास झालेला माणूस तिसऱ्यांदा पास झाला की लायसन पूर्ण मिळतं, त्यावर आधीच्या दोन खेपांची सरासरी नसते. आज गाडी चालवता येते का, एवढाच प्रश्न.

उलटं झालं तर मात्र घाई नको. 'स्वतः, स्वतः, स्वतः, मदतीने' अशी नोंद असेल तर त्या दिवशी मूल आजारी होतं का, उदाहरणाची भाषा अवघड होती का हे बघून आणखी एकदा तोंडी विचारा, मगच लिहा. आणि एकाच चाचणीवरून कुठलाही रकाना भरू नका. किमान तीन नोंदी, त्यातली एक तरी लेखी नसलेली.

गृहपाठ, वहीची टापटीप, उशिरा येणं हे कौशल्यात मिसळलं की पत्रकच खोटं पडतं. ज्याला भागाकार येतो पण वही आणत नाही, त्याच्यापुढे 'मदतीने करतो' लिहिलं तर आई घरी त्याला भागाकार शिकवत बसणार! त्यासाठी खाली वेगळी ओळ: 'कामाच्या सवयी'. तिथे स्पष्ट लिहा, 12 पैकी 5 गृहपाठ आणले.

---

वाचनकट्टा

मराठीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडं. 'वाचन: कधी जमतं' यावरून पालकांना काही कळत नाही. तिसरीसाठी रकान्यांचा अर्थ असा लिहून द्या:

मदतीने: अक्षर-अक्षर जोडून वाचतो, जोडाक्षराला थांबतो.
कधी जमतं: शब्द बरोबर वाचतो पण पूर्णविराम ओलांडून जातो, काय वाचलं विचारलं तर परत पान बघतो.
स्वतः: परिच्छेद सलग वाचतो आणि पुस्तक मिटून दोन-तीन वाक्यांत सांगतो.
नव्या ठिकाणी: न शिकवलेला मजकूर, दुकानाची पाटी, वर्तमानपत्रातली छोटी बातमी वाचून "असं का झालं असेल" याचं उत्तर देतो.

घरी तपासायचं असेल तर निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थासह, असं लक्ष्य आहे. मोबाइलवर 60 सेकंद लावा, न वाचलेला उतारा द्या, वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करा. 68 वाचले, 9 चुकले, म्हणजे 59. पण लगेच दोन प्रश्न विचारायचे, हे विसरू नका. नुसता वेग मोजला की मुलं एक्स्प्रेससारखी सुटतात, मधली स्टेशनं घेतच नाहीत. आणि हे महिन्यातून एकदाच. रोज घड्याळ लावलं तर मूल वाचायलाच घाबरेल.

---

नोंदवही

सभेच्या वेळेबद्दल. 42 पालकांशी प्रत्येकी 4 मिनिटं धरली तरी 168 मिनिटं होतात, म्हणजे 45 मिनिटांत ते बसणार नाही, आणि रांगेत ताटकळलेला पालक पत्रक न वाचताच सही करून जातो. सभेत फक्त दोन पेपर, रकान्यांचा अर्थ आणि प्रश्न. वैयक्तिक बोलणं ज्यांच्या दोन किंवा जास्त ओळी 'मदतीने' आहेत त्यांच्याशीच, वेगळी वेळ देऊन. शिफ्टवाल्यांसाठी तीच सभा दोनदा घ्या, शनिवारी सकाळी आणि एखाद्या दिवशी संध्याकाळी साडेसहानंतर.

वाचता न येणाऱ्या पालकांसाठी दोन मिनिटांचा आवाजी संदेश करा, एक मराठीत आणि एक हिंदीत. तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालेल. मुलांची पत्रकं मात्र ग्रुपवर टाकू नका, एकाचाही फोटो गेला की संध्याकाळपर्यंत चाळीत नंबर लागलेले असतात.

अजून एक, हे हमखास राहतं. निम्मी मुलं क्लासला जातात आणि क्लासच्या ताईंना हे पत्रक कोणी दाखवत नाही. त्या बिचाऱ्या सरसकट पुढचा धडा घेत राहतात. पत्रकाच्या तळाशी एक ओळ सोडा: "घरी किंवा क्लासमध्ये सध्या एवढंच घ्या: ____". तिथे एकच गोष्ट लिहायची, तीन नाही. 'शून्य असलेल्या संख्यांची वजाबाकी, रोज 4 उदाहरणं', इतकं नेमकं.

---

शाळाबाई_भांडुप

ही शेवटची ओळ घेतेच. पत्रक ए-फोरच्या एकाच बाजूला बसवते, पाठीमागे रकान्यांचे अर्थ. 5003 वालं उदाहरण फळ्यावर आधीच लिहून ठेवते, आणि सुट्यांसाठी खेळण्यातल्या नोटा शाळेच्या कपाटात आहेत, त्या काढते.

---

खडू_फळा

नोटा काढाल तेव्हा हजाराच्याही बघा, पाच तरी लागतील. 5003 ला शंभराच्या जागी शून्य आहे, दहाच्याही. सुरुवात हजाराची नोट मोडण्यापासूनच होते, आणि मुलं नेमकी तिथेच अडतात.