स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा घंटा झाली की वर्गाबाहेर पळतो. सुरुवात कुठून करावी?

खानापूरची बाई:
बेळगावकडची मराठी शाळा, दुसरीचा वर्ग. घंटा झाली की कान दाबून पळतो. विचारलेला प्रश्नच परत म्हणतो. दोन भाषांनी गोंधळतो, कन्नडचा तास बंद करा, असं घरचे म्हणतात. गावात 'बाहेरचं झालंय' ही कुजबुज वेगळीच.

चित्रपट्टी:
आधी घंटेचं बघा. त्याला घंटेपासून लांब बसवा, दोन मिनिटं आधी घंटेचं चित्र दाखवा. कान झाकणारा हेडफोन द्या, पण घंटा आणि प्रार्थनेपुरताच. दिवसभर घातला तर साधे आवाजही टोचायला लागतात. पळण्याची जागाही ठरवून द्या, म्हणजे व्हरांड्याचा कोपरा आणि चटई. तिथं जाणं ही शिक्षा नव्हे, हे सगळ्या मास्तरांना माहीत हवं.

मग पुढच्या कामांची पोस्टकार्डाएवढी चार-पाच चित्रं वेल्क्रोनं पट्टीवर लावा. काम झालं की चित्र काढून डब्यात. अख्ख्या दिवसाची दहा चित्रं एकदम लावली की पट्टी फसते. 'बदल' असं एक कार्डही ठेवा; पीटीचा तास अचानक रद्द झाला की तेच कामी येतं.

टिळकवाडी:
दोन भाषांनी स्वमग्नता येत नाही, वाढतही नाही. घरची मराठी तर अजिबात तोडू नका. फक्त एका सूचनेत दोन भाषा मिसळू नका. प्रश्न परत म्हणतो तेव्हा 'पाणी हवं का?' असं न विचारता पेला दाखवून 'मला पाणी हवं' हे त्याचं वाक्य तुम्ही म्हणा आणि मनात दहा आकडे मोजून थांबा. बहुतेक जण तिसऱ्या आकड्यालाच पुन्हा विचारतात!

कागदपत्रांचंही सुरू करा. स्वमग्नता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. प्रमाणपत्रात दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आलं तर 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क. बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसात समावेशक शिक्षणाच्या साधनशिक्षकाची, म्हणजे दिव्यांग मुलांसाठीच्या खास शिक्षकाची, भेट मागा, तीही लेखी.

चित्रपट्टी:
गावाचं म्हणाल तर 2 एप्रिलच्या, म्हणजे जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाच्या, फेरीत त्याला पुढं उभं करू नका. पालकांनी हो म्हटल्याशिवाय वर्गात निदानही सांगू नका, 'त्याला आवाज टोचतो' एवढं पुरे. आशाताई आणि अंगणवाडी ताईंना मात्र नीट समजवा, कुजबुज तिथंच थांबते. गणपतीत मंडळाकडून मिरवणुकीची वेळ आधी घ्या, डॉल्बी दारात यायच्या आत त्याला मामाच्या घरी नेता येईल.

खानापूरची बाई:
चित्रांऐवजी फोटो चालतील?

चित्रपट्टी:
उत्तमच. पण तुमच्याच शाळेतले हवेत, नेटवरचा नळ त्याला तुमचा नळ वाटणार नाही.