मदत हवी आहे: 'रेसिडेंट इव्हिल २' आधी जुना की नवा?

माझ्या भाचीला यंदा अठरावं सरलं आणि तिला 'रेसिडेंट इव्हिल २' हा हॉरर व्हिडिओ गेम खेळायचाय. १९९८चा मूळ गेम आणि २०१९चा रिमेक, मी दोन्ही पुरे केलेत, तरी आधी कोणता द्यावा ते ठरत नाहीये.

रिमेकमधलं पोलीस स्टेशन अप्रतिम आहे. सतत पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्स या राक्षसाच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून आला की आजही हात घामेजतात. पण मूळ गेममध्ये कॅमेरा एका जागी खिळलेला असायचा. कोपऱ्यापलीकडचं काही दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. ती भीती मला रिमेकमध्ये सापडली नाही. शिवाय तेव्हा लिऑन आणि क्लेअर या दोन मुख्य पात्रांपैकी एकाची फेरी संपवून मग दुसऱ्याची खेळताना, पहिल्या फेरीत लिऑनने कपाटातली मशीनगन उचलली, की पुढच्या फेरीत क्लेअरला ती मिळत नसे. रिमेकमध्ये दोघांच्या कथा नीट जुळतच नाहीत, हे मला फार खटकलं.

मूळ गेम २०२४ पासून जीओजी या ऑनलाइन गेम-स्टोअरवर मिळतो, तो प्रश्न नाही. पण त्यात पात्र वळवणं अवघड, आणि तिला आजच्या गेमची सवय.

ज्यांनी आधी रिमेक आणि मग मूळ गेम खेळला, त्यांनी प्लीज सांगा: जुना शेवटपर्यंत खेळवला का? भीती वाटली का?