‘जीर्णोद्धार’, ‘पुनर्बांधणी’ की आणखी काही?

प्रश्न (अंबाजोगाई) : आयर्लंडमधील न्यूग्रेंज या सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या महापाषाणीय दफनस्थळाविषयीच्या मजकुराचे भाषांतर करताना मी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द योजला, संपादकांनी त्यावर फुली मारून ‘पुनर्बांधणी’ लिहिले. या दोहोंत खरोखर काही भेद आहे काय? शिवाय अशा वास्तूला थडगे म्हणावे, कबर की समाधी?

उत्तर (पैठण) : जीर्णोद्धार हा देवळाचा शब्द आहे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे पूजा चालू राहावी हा हेतू त्यात गृहीत असतो, आणि नवे बांधकाम जुन्यासारखे आहे की नाही हा प्रश्न कोणी विचारत नाही. (गाभाऱ्याला तैलरंग फासणे हाही हल्ली जीर्णोद्धारच ठरतो, ते असो.) न्यूग्रेंज येथे १९६२ ते १९७५ या काळात पुरातत्त्वज्ञ ओकेली यांनी उत्खनन केले आणि प्रवेशद्वाराजवळ विखुरलेले पांढरे गारगोटीचे दगड ही मूळची उभी भिंत ढासळून पडली असावी, या तर्काने ती भिंत काँक्रीटच्या आधाराने पुन्हा उभी केली, मात्र ते दगड मुळात जमिनीवरच पसरलेले असावेत, असे काही अभ्यासक मानतात, आणि जवळच्याच नाउथ येथील अशाच दफनस्थळी असे दगड जमिनीवरच ठेवले आहेत. जेथे तर्काचा वाटा एवढा मोठा आहे, तेथे ‘पुनर्रचना’ म्हणावे, म्हणजे रचणारा आजचा आहे हे शब्दातच येते.

समाधी म्हटले की आम्हाला नाथांची आठवते आणि कबर म्हटले की खुलताबाद. म्हणून मी ‘दफन’ किंवा ‘दफनस्थळ’ लिहितो. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील दफनांसाठी ‘शिळावर्तुळ’ हा शब्द रूढ आहे, परंतु न्यूग्रेंजच्या दगडमातीच्या भल्यामोठ्या उंचवट्याला तो लागू पडणार नाही.

उत्तर (लातूर) : पुनर्रचना मान्य, पण संपादकांच्या शब्दावर माझा आक्षेप आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडे ‘पुनर्बांधणी’ म्हणजे नवी जागा, नवे साहित्य आणि नवे घर असाच अर्थ पक्का झाला आहे. जुन्या घराचे दगड निवडून त्याच जागी परत बसवणे कोणाच्याही मनात येत नाही. मूळचे निखळलेले दगड मूळ जागी बसवण्यासाठी, म्हणजे ज्याला तज्ज्ञ ‘अॅनास्टायलोसिस’ म्हणतात आणि वास्तुसंवर्धनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने पुनर्बांधणी नाकारूनही जेवढ्याला मुभा दिली त्यासाठी, ‘फेरजुळणी’ हा शब्द मला योग्य वाटतो. केवळ पडझड थांबवायची असेल तर आपली ‘डागडुजी’ पुरेशी आहे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकतात, तेव्हा माळवद नवे होत नाही.

उत्तर (पैठण) : फेरजुळणी उत्तम. मात्र एका ठिकाणी यातील कोणताच शब्द पूर्ण बसत नाही. फ्रान्समधील बार्नेने येथे १९५५ मध्ये एका ठेकेदाराने रस्त्यासाठी दगड काढताना दफनस्थळाचा भाग पोखरला. पुढे पुरातत्त्वज्ञ जिओ यांच्या देखरेखीखाली वास्तू सावरली गेली, पण तो छेद बुजवला नाही, त्यामुळे आतल्या खोल्या आजही बाहेरून दिसतात. तेथे मी ‘जतन’ लिहीन.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. न्यूग्रेंजच्या भिंतीसाठी ‘पुनर्रचना’ आणि वास्तूसाठी ‘दफनस्थळ’ असा बदल संपादकांना कळवतो.