मदत हवी आहे: बॅंजो बॅरोमीटरचा काळ आणि दुरुस्ती

लंडनकरांपैकी कुणाला जुन्या बॅरोमीटरची (हवेचा दाब दाखवणाऱ्या यंत्राची) माहिती आहे का? इथल्या जुन्या बाजारात बॅंजो या तंतुवाद्याच्या आकाराचा, महोगनी लाकडाचा, पाऱ्याचा एक घेतलाय. खाली पाणसळीच्या पट्टीवर कारागिराचं नाव कोरलंय. आडनाव इटालियन, पत्ता लंडनच्या हॅटन गार्डन भागातला. इटलीतल्या कोमो सरोवराकडचे बरेच कारागीर १८०० च्या आसपास त्या भागात स्थिरावले, एवढं ठाऊक आहे. पण नाव-पत्त्यावरून नेमका काळ कसा काढायचा?

शिवाय काटा ‘स्टॉर्मी’वर (वादळी) अडकलाय, बाहेर मात्र लख्ख ऊन! मागचं झाकण उघडलं तर कप्पीवरचा दोरा तुटून काचेचं वजन नळीत पाऱ्यावर पडलेलं. दोरा घरीच बदलावा का? पाऱ्याचं जरा भ्याव वाटतं. दुरुस्तीला न्यायचा तर आडवा करायचा नाही म्हणतात, मग ट्यूबमधून (लंडनच्या भुयारी रेल्वेतून) न्यायचा कसा? खात्रीचा कारागीर लंडनबाहेरचाही चालेल.