मदत हवी आहे: महालक्ष्म्यांची बोळवण करून मोटोजीपीला. ग्वाल्हेर ते ग्रेटर नोएडा, दोघं, एक बाइक

बाड्यावरची | ६ सप्टेंबर २०२३, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

तिकिटं काढून झाली आहेत, त्यामुळे जावं की जाऊ नये हे विचारत नाहीये. कसं जायचं आणि मुख्य म्हणजे परत कसं यायचं, ते सांगा.

२२ ते २४ सप्टेंबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी (मोटारसायकलींची जागतिक शर्यत) आहे, भारतात पहिल्यांदाच. याच ट्रॅकवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली होती, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. तेव्हा मी गेले नाही. कारच्या शर्यतीत मला कधी रस वाटला नाही, चार पायांवर काय, म्हैससुद्धा उभी राहते. पण हॉस्टेलात माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर मोटोजीपीचा रायडर रॉसी होता, ४६ नंबरचा पिवळा. रॉसी २०२१मध्ये निवृत्त झाला, पण त्याची टीम आहे आणि त्या टीमचा बेझेक्की यंदा जोरात आहे. नवऱ्याला रेसिंगमधलं ओ की ठो कळत नाही, त्याला गाडी चालवायला आवडते. म्हणजे जोडी जमली.

आता घोटाळा ऐका. मी तारखा बघून तिकिटं काढली, कालनिर्णय बघितलं नाही. १९ला गणपती. २१ला महालक्ष्म्या येतात, २२ला जेवतात, २३ला जातात. आमच्याकडे उभ्याच्या महालक्ष्म्या, पितळी मुखवटे, सोळा भाज्या, आंबील, वर फुलोरा, शुक्रवारी जेवायला किमान चाळीस पानं. त्यामुळे शुक्रवारचा सराव गेलाच, त्यावर पाणी सोडलं. पण शनिवारी दुपारी साडेतीनला स्प्रिंट आहे (यंदापासून सुरू झाली, निम्म्या अंतराची शर्यत, जिंकणाऱ्याला १२ गुण) आणि रविवारी साडेतीनला मुख्य शर्यत. ही दोन्ही मला हवीत.

गाडी मीटिऑर ३५०, दोन वर्षं जुनी. लांबचा प्रवास म्हणाल तर दोघांनी ओरछ्यापर्यंत केलाय, तेवढाच. लष्करातून (ग्वाल्हेरचा आमचा भाग) निघून मुरैना, धोलपूर, आग्रा आणि मग यमुना एक्सप्रेसवे, सगळं मिळून तीनशेच्या आतबाहेर.

शनिवारी किती वाजता निघालं तर स्प्रिंट गाठता येईल? एक्सप्रेसवेवर दोघं बसून साडेतीनशे सीसीची गाडी त्रास देईल का? मला कमरेचं जुनं दुखणं आहे, तासाभराने डावा पाय मुंग्यांनी भरतो, त्यावर मागे बसणाऱ्याने काय करावं? आणि रविवारी शर्यत संपल्यावर रात्रीच निघावं की नाही? नवऱ्याची सोमवारी दहाला बँक. सासूबाईंचं म्हणणं, "ट्रेन आहे ना? आणि टीव्हीवर दिसत नाही का?" ट्रेन आहे हे मलाही माहीत आहे. पण मोटारसायकलींची शर्यत बघायला ट्रेनने जाणं म्हणजे पंगतीला डबा घेऊन जाणं.

धोलपूरमार्गे | ७ सप्टेंबर, सकाळी ७.०५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. रविवारी रात्री निघू नका. मी या रस्त्यावर नोकरीनिमित्त अकरा वर्षं ये-जा केली आहे. डाकूबिकूंचे विनोद लोक करतात, ते सोडा. खरी भीती रेतीच्या ट्रॅक्टरांची. चंबळच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना रात्री चोरटी रेती भरलेल्या ट्रॉल्या पळतात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि कोणी मागे लागलंय असं वाटलं तर चुकीच्या बाजूनेही येतात. कारमध्ये असताना माझी एकदा पाचावर धारण बसली होती. दुचाकीवर, तीही दोघं, तीही दिवसभर उन्हात बसून आल्यावर, मुळीच नको.

रविवारी तिथेच राहा, सोमवारी पहाटे चारला निघा. नवऱ्याला बँकेत अर्धी सुट्टी टाकायला सांगा.

निवृत्तमेकॅनिक | ७ सप्टेंबर, सकाळी ९.३०

ताई, गाडीला काही होत नाही. नव्वदच्या आसपास धरा, ती दिवसभर पळेल. शंभरच्या पुढे नेलीत तर पळेल, पण थरथर तुमच्या कमरेत उतरेल.

टायरकडे मात्र लक्ष द्या. यमुना एक्सप्रेसवे सिमेंटचा आहे, १६५ किलोमीटर सरळसोट. लोक म्हणतात, गरम होतो म्हणून हवा कमी ठेवा. हे उलटं शास्त्र आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, त्या दुमडण्यानेच रबर आतून तापतं आणि फुटतं. मॅन्युअलमध्ये दोघांसाठी जेवढी हवा दिली आहे तेवढी भरा, आणि ती घरून निघताना, टायर थंड असताना. मागच्या शॉकअपचं प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन खाचा कडक करा. एवढ्यानेच गाडीची ढुंगण टेकवून बसायची सवय जाते आणि हेडलाइट झाडांवरून रस्त्यावर येतो. चेनला आदल्या रात्री तेल द्या, सकाळी दिलंत तर सगळं मागच्या रिमवर उडेल.

पेट्रोल मुरैन्यात फुल करू नका. आग्र्यापर्यंत पुरेल एवढंच घाला, उत्तर प्रदेशात लिटरमागे दहा-एक रुपये कमी लागतात. पंधरा लिटरची टाकी आहे, तेवढ्यात दोन चहा सुटतात.

मागच्यासीटवरून | ७ सप्टेंबर, दुपारी १.१५

मी वीस वर्षं मागेच बसतेय, म्हणून सांगते. मुंग्या पाठीवरच्या सॅकमुळेही वाढतात. पाठीवर सॅक असेल तर पट्टे सैल करून तिचं बूड सीटवर टेकू दे, खांद्याला वजन नको. त्याहून बरं म्हणजे सामान बाजूच्या बॅगांत आणि पाठीवर काहीच नाही.

दर साठ-सत्तर किलोमीटरला उतरायचं. "अजून एक तास जाऊ की" असं नवरे म्हणतात, ऐकायचं नाही. उतरल्यावर पाच मिनिटं चालायचं, बाकावर बसायचं नाही. आणि ट्रक ओलांडताना वाऱ्याचा फटका बसतो, तेव्हा ताठ होऊ नका, त्याच्या पाठीला चिकटा. ताठ झालात की तुमचं अंग शिडासारखं वारा धरतं.

कानात घालायचे फोमचे बोळे घ्या, दोघांनाही. प्रवासात वाऱ्यासाठी आणि ट्रॅकवर गाड्यांसाठी. टीव्हीवर तो आवाज अर्धाही येत नाही.

एनसीआरवासी | ७ सप्टेंबर, रात्री १०.२०

आग्र्यात अडकू नका, सातच्या आत पार व्हा. एक्सप्रेसवे कुबेरपूरला लागतो. सर्किट एक्सप्रेसवेच्या कडेलाच आहे, आग्र्याकडून येताना ग्रेटर नोएडाच्या परी चौकाच्या अलीकडे. राहायचं परी चौकाजवळ बघा, पण आजच बघा, भाव चढलेत.

एक्सप्रेसवेवर झोप येते, हे थट्टेवारी नेऊ नका. वळण नाही, गाव नाही, डोळ्याला काही कामच नाही. मथुऱ्याच्या आसपास थांबाच.

जागा कुठली घेतलीय? तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून मोठी सरळ पट्टी आहे, ती चौथ्या वळणावर संपते. साडेतीनशेच्या घरातून येऊन तिथे ब्रेक मारतात. मागचं चाक हवेत, रायडरचा एक पाय बाहेर लोंबतोय. तिथून दिसत असेल तर पैसे वसूल.

बाड्यावरची | ८ सप्टेंबर, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार. रविवारचा मुक्काम पक्का, नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली (कारण "घरगुती धार्मिक कार्य", जे अगदीच खोटं नाही). पण शनिवारचं घोडं अडलंय. बोळवण केल्याशिवाय घरातल्या सुनेने उंबरा ओलांडायचा नाही, असं सासूबाई म्हणतात. दरवर्षी बोळवण दुपारी होते. दुपारी निघाले तर स्प्रिंट संपल्यावर पोचेन.

दाणाओळीकाकू | ८ सप्टेंबर, सकाळी ११.००

अगं, बोळवण मूळ नक्षत्रावर असते, दुपारवर नाही. पंचांग उघड. शनिवारी पहाटे मूळ असेल तर पहाटेच करायला काय हरकत आहे? दुपारी करतात ते पाहुण्यांच्या सोयीने. दहीभाताचा नैवेद्य, आरती, अक्षता टाकायच्या आणि मुखवटे जागचे हलवायचे. तासाभराचं काम. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, गुरुजींकडून सांगव.

आणि आपण लष्करचे लोक. लष्कर म्हणजे मुळात दौलतराव शिंद्यांची छावणी, १८१०ची. पहाटे तंबू उठवून निघायची रीत आपल्याला कोणी शिकवायला नको.

बाड्यावरची | २६ सप्टेंबर, रात्री ९.१०

परत आलो. धडधाकट. उशिरा लिहितेय कारण काल दिवसभर झोपले.

काकू, गुरुजींनी सांगितलं आणि सासूबाईंनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, तीन वाजता मला त्यांनीच उठवलं. समईच्या उजेडात दहीभात दाखवला, आरती म्हटली (माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे, देव माफ करो), जाऊबाईंनी मुखवटे हलवले. बाकीची आवराआवर त्यांनी अंगावर घेतली, बदल्यात पुढच्या वर्षी पुरण मी वाटायचं. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही बाहेर. फुलोरा उतरवून सासूबाईंनी त्यातल्या करंज्यांचा डबा बाजूच्या बॅगेत कोंबला होता, तो मला मथुऱ्याला कळला.

चंबळ ओलांडताना नुकतं उजाडलं होतं. पुलावरून खाली पाणी गढूळ, भरलेलं, आणि काठाला दोन ट्रॅक्टर उभे. धोलपूरमार्गे, तुमचीच आठवण झाली.

एकदा पायाला मुंग्या आल्या, जेवरच्या टोलच्या आधी. उतरून चालले, गेल्या. वाऱ्याच्या फटक्यांचा सल्ला लाखमोलाचा. साडेअकराला परी चौक.

शनिवारी दुपारी आभाळ फाटलं आणि स्प्रिंट लांबली. आम्ही रेनकोट घालूनच बसलो होतो, सगळे आमच्याकडे बघत होते. बेझेक्की पोलवरून (सगळ्यात पुढच्या जागेवरून) सुटला आणि पहिल्याच वळणावर त्याला त्याच्याच टीमचा मारिनी धडकला. मारिनीचं कॉलरबोन मोडलं, बेझेक्की मागून उठून पाचवा आला. मार्टिन जिंकला. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, तेही कानात बोळे घालून.

रविवारी ऊन असं की शर्यत २४ फेऱ्यांची २१ केली. बान्याया दुसऱ्या जागेवरून पडला. बेझेक्की आठ सेकंदांहून जास्त अंतराने जिंकला, मार्टिन दुसरा, क्वार्तारारो तिसरा. मार्टिनला संपल्यावर उन्हाने उभंही राहवेना. आम्हाला नुसतं बसून घाम फुटला होता, त्याने ते चामड्याचं चिलखत घालून अर्ध्या तासाहून जास्त गाडी हाकली. नवरा, ज्याला ओ की ठो कळत नव्हतं, तो विसाव्या फेरीला उभा राहून "बेझ, बेझ" करत होता. आता घरी मला सांगतो की मार्टिनने टायर आधी संपवले.

सोमवारी चारला निघालो, अकराच्या आत बँक. करंज्यांचा पार भुगा झाला होता, तो आग्र्याला चहात घालून खाल्ला.

निवृत्तमेकॅनिक, एक शंका राहिली. आल्यापासून ब्रेक मारला की पुढून बारीक किरकिर येते, गाडी ढकलताना नाही येत. पॅड संपलेत की शनिवारच्या पावसाचा चिखल अडकलाय?

निवृत्तमेकॅनिक | २७ सप्टेंबर, सकाळी ८.४०

आधी पाण्याचा जोराचा फवारा कॅलिपरवर मारून, दहा-पंधरा वेळा हळू ब्रेक लावून बघा. तरी किरकिर राहिली तर पॅडवरची खाच बघायची, ती बुजली असेल तर बदला. आणि करंज्यांचा डबा पुढच्या वेळी टँक बॅगेत. मागच्या बाजूच्या बॅगेत सगळ्यात जास्त हादरे बसतात.