बाबांचा जुना सेट माळ्यावरून उतरवलाय, दुरुस्त करू की नवीन घेऊ? (इंदूर)

रामबागचा_बाळ्या

नमस्कार मंडळी. रामबागेतलं जुनं घर रिकामं करतोय, माळ्यावर चादरीत गुंडाळलेला बाबांचा आख्खा सेट सापडला. रेकॉर्ड प्लेअर, एक देशी स्टीरिओ अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर, उतरवताना कंबर धरली माझी. सोबत साठेक एलपी आणि एका ट्रंकेत आजोबांचे ७८ चे तवे (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्ड, आजोबा तवेच म्हणायचे).

प्लग लावला तर अँपचा दिवा लागला, रेडिओ जोडून पाहिला, उजवीकडून नुसती घूंऽऽ अशी घरघर, डावीकडे गाणं येतं पण आवाजाचं बटण फिरवलं की खर्रर्र. प्लेअरच्या बेल्टचं तर डांबर झालंय, बोटाला चिकटलं. बाजारात एकाला दाखवलं तर म्हणे भंगारात द्या, साडेतीनशे देतो. मुलगा म्हणतो शोपीस म्हणून ठेवा, त्याच्याकडे डब्याएवढा ब्लूटूथ स्पीकर आहे आणि खरं सांगू का, तो काही वाईट वाजत नाही हो, तीच तर पंचाईत आहे. याच सेटवर बाबा अमीर खाँसाहेबांचा राग मारवा लावायचे आणि एलपीची बाजू संपेपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नाही. तो आवाज डोक्यात बसलाय. पण तो खरंच तसा होता की मलाच तसा आठवतोय? खर्च करण्यात अर्थ आहे का?

सोल्डर_काका (ग्वाल्हेर)

बाळ्या आधी प्लग काढ!! इतकी वर्षं पडून असलेला अँप कधी सरळ लाइटवर लावायचा नाही. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे डबीसारखे भाग) सुकलेले असतात, फुटला एखादा तर ट्रान्सफॉर्मर पण घेऊन जाईल. सिरीज बोर्डवर लाव, म्हणजे वीज मधल्या एका बल्बातून अँपला जाते, साठ नाहीतर शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब हवा, एलईडी चालत नाही तिथे. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भक्क पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बंद कर.

घरघर बहुतेक फिल्टर कपॅसिटरची, खर्रर्र म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटमधली (बटणामागच्या फिरत्या भागातली) घाण, काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरव, जातं. ही काही आजारपणं नाहीत रे, म्हातारपण आहे. स्पीकरची जाळी काढून कोनची (आतल्या थरथरणाऱ्या पडद्याची) कड बघ. कापडाची असली तर नशीबवान, फोमची असली तर बोट लावताच भुगा होईल, मग कड बदलून घ्यावी लागेल. अंगावर घ्यायचं नसेल तर एखादा जुना टीव्ही-रेडिओ मेकॅनिक धर, प्रत्येक गावात एखादा म्हातारा उरलेला असतोच. आमच्या लष्कर भागातला मी 😀

उगाच_विरोधक

सगळे रडतील आता ‘जुन्याची ऊब’ म्हणून. १९८२ ला सीडी आली तेव्हाच हा विषय संपला. सीडीच्या सोळा बिटला सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलची रेंज मिळते, एलपीला साठ-सत्तर मिळाली तरी पुष्कळ, आणि कॅसेटचं तर नावच काढू नका. ती ऊब म्हणजे वरचे सूर दबलेले आणि खालचा फुगवलेला. भंगारवाल्याला साडेतीनशेचे पाचशे मागा. आणि हो, सूटकेससारखे नवे स्वस्त टर्नटेबल मिळतात ते पण घेऊ नका, दिसायलाच गोड.

बडोद्याची_रसिका

विरोधकदादा आकडे बरोबर आहेत तुमचे, पण आकडे प्लेअरचे सांगताय आणि भांडण स्पीकरचं आहे 😄

मी पण पैज लावली होती भावाशी की मला एलपी ओळखू येतं, एकच रेकॉर्डिंग एलपीवर आणि मोबाइलवर. पहिल्यांदा दर वेळी बरोबर आले, जाम खूश. मग भावानं दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला आणि मी निम्म्या वेळा चुकले, चिरचिर नसेल तिथे तर अंदाजच मारत होते. मोठ्यानं वाजतं ते आपल्याला चांगलं वाजतं एवढंच ते. त्यामुळे बाळ्यादादा, तुलना करायची तर एक बदला, बाकी सगळं तेच ठेवा. मोबाइल त्याच जुन्या अँपला जोडून बघा की, ऑक्सची वायर कितीशी लागते. मागे पाच काड्यांचा गोल डिन सॉकेट असेल तर कन्व्हर्टर मिळतो.

प्लेअरबद्दल मात्र सांभाळून. जुन्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असतं, पाचेक ग्रॅम वजनानं खाचेत घासतं, चांगल्या एलपी त्याच्यावर रोज नका लावू. नवं मॅग्नेटवालं दोन ग्रॅमच्या आसपास चालतं, पण त्याचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच, त्याला अँपमध्ये फोनो इनपुट हवा नाहीतर वेगळा प्रीअँप. सरळ ऑक्समध्ये घातलंत तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं बारीक ऐकू येईल, कारण रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात, ते फोनो स्टेज परत सरळ करतं.

उगाच_विरोधक

स्पीकरचं मान्य. बाकी शब्द मागे घेणार नाही.

रामबागचा_बाळ्या

तीन आठवडे गायब होतो, आता सविस्तर.

काका, बल्ब मंद झाला!! मेकॅनिक शोधला, सगळे मोठे कपॅसिटर बदलले, क्लीनर मारला, दोन्ही बाजू चालू. कड कापडाची निघाली. बेल्ट मागवला. मजुरीसकट चार हजारांत बसलं, मुलाचा डबा यापेक्षा महाग आहे.

मग रसिकाताईंनी सांगितलं तसं केलं. मारवा मुलाच्या ब्लूटूथवर, मग तोच मोबाइल वायरनं जुन्या अँपवर, मग एलपी. ब्लूटूथवर आवाज स्वच्छ, पण तानपुरा म्हणजे मागे कुणीतरी टिणटिण करतंय असं. जुन्या स्पीकरवर तोच मोबाइल लावला आणि तानपुऱ्याचा खर्ज जमिनीतून आला हो, सत्तर हर्ट्झच्या आसपासचा तो सूर, दोन इंचाच्या स्पीकरनं तो कुठून काढायचा, इथे आठ इंची कोन आणि खोकं आहे. मुलगा मोबाइल खाली ठेवून ऐकत बसला, हेच पुष्कळ. एलपी आणि मोबाइलमध्ये मात्र चिरचिर सोडली तर मला फारसा फरक नाही कळला, विरोधकभाऊ खूश व्हा.

आता खरी गंमत. माझ्या डोक्यातला तो आवाज तरी येईना! चांगला वाजतोय पण बाबांचा नाही. मग पुढच्या पट्टीवर ‘लाउडनेस’ लिहिलेलं बटण दिसलं, मेकॅनिकनं साफ करताना ते बंद करून ठेवलं होतं. दाबलं आणि आलं की हो रामबागेतलं घर परत. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला बाबांच्या सेटचा आवाज म्हणत होतो तो एका बटणाचा होता, बाबांनी ते बहुधा कधी बंद केलंच नसेल.

सोल्डर_काका (ग्वाल्हेर)

बरोबरच आहे. आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, ते बटण तेवढा वर उचलून देतं. तुझे बाबा हळू आवाजात ऐकत असणार, म्हणूनच तुम्हाला गप्प बसवत होते.

रामबागचा_बाळ्या

😶 हे कधी सुचलंच नव्हतं. आई सांगायची खरं, खाली बिऱ्हाडकरू होते म्हणून.

आता आजोबांचे तवे. धूळ आणि बुरशीचे डाग आहेत. एलपी स्पिरिटनं पुसल्या, चकाचक झाल्या, हे पण तसेच पुसू ना?

सोल्डर_काका (ग्वाल्हेर)

अजिबात नाही!! ७८ चे तवे लाखेचे, स्पिरिटमध्ये लाख विरघळते, खाच पुसून जाईल. थोडं पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ कापड, मधलं लेबल कोरडं ठेवायचं. आणि एलपीची सुई लावू नको त्यांना, खाच तिप्पट रुंद असते, सुई तळात जाऊन नुसती खरखर करेल. तुझ्या सिरॅमिक कार्ट्रिजला बारीक दांडी आहे का बघ, पुष्कळांची सुई पलटते, एका बाजूला एलपी आणि दुसऱ्या बाजूला ७८. म्हणून तो प्लेअर पण फेकू नको. विकायचं मनात आलंच तर आधी पिगडंबरला लता मंगेशकरांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे तिथे जाऊन ये, तुझ्याच गावाजवळ आहे.

रामबागचा_बाळ्या

दांडी आहे! पलटली. एक तवा स्पिरिटनं पुसून झाला होता पण 🤦 कोपऱ्यात ठेवलाय, आजोबांना सांगू नका.