मृत्यूनंतर फोनमधील माहिती कोणाची?

प्रश्न:
माझा मोठा भाऊ चार महिन्यांपूर्वी गेला. वहिनी अजूनही त्याचा फोन रोज रात्री चार्जिंगला लावतात, आणि पहाटे साडेपाचला त्याने लावलेला गजर वाजतो तेव्हा तो बंद करायला कोणाचाच हात पुढे होत नाही. फोनचा पासवर्ड वहिनींना ठाऊक आहे. मुलांचे फोटो काढून घ्यावेत यावर घरात एकमत आहे. पण त्याचे ईमेल आणि मित्रांशी झालेली संभाषणे वाचण्याचा अधिकार आम्हाला आहे का, आणि या सगळ्याची मालकी कोणाकडे जाते?

उत्तर १:
आपल्या दुःखाची कल्पना आहे. इथे मालकी हा शब्द फसवा आहे, कारण दादांनी काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट वारसांकडे जातो, परंतु ते ज्या खात्यात ठेवले आहेत ते खाते म्हणजे कंपनीशी केलेला करार असतो. जर्मनीच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका मृत मुलीच्या फेसबुक खात्याबाबत निकाल देताना, डायरी आणि खासगी पत्रे जशी वारसांकडे जातात तसेच हे खातेही जाते, असे मानले. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मात्र मृत व्यक्तीच्या माहितीला लागूच होत नाही. तो प्रश्न त्याने सदस्य देशांवर सोपवला आहे.

उत्तर २:
सिम कार्ड इतक्यात बंद करू नका, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. गुगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरात नसेल तर कंपनी ते पुसू शकते, त्यामुळे फोटोंची प्रत लवकर काढून ठेवावी.

उत्तर ३:
उत्तर १ मध्ये वारसांचा विचार आहे, पण समोरून लिहिणाऱ्या माणसाचा नाही. वडील गेल्यावर मी त्यांचे मेसेज वाचत बसलो, आणि त्यात त्यांच्या मित्राने स्वतःच्या आजाराविषयी लिहिलेले सापडले, जे त्यांनी आपल्या घरीही सांगितले नव्हते. वर्षश्राद्धाला ते काका आले तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवेना. वडिलांवर त्यांनी विश्वास टाकला होता, माझ्यावर नव्हे. अधिकार असला तरी कृपया वाचू नका.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. वहिनींना हे वाचून दाखवले. फोटो उद्याच उतरवून घेऊ, ईमेलमध्ये केवळ विम्याचे कागद शोधून तेवढेच उघडू आणि मित्रांची संभाषणे बंदच राहतील. वहिनींनी स्वतःच्या फोनवर ॲपलची लेगसी कॉन्टॅक्ट सोय, म्हणजे आपल्या मृत्यूनंतर खात्यातील माहिती कोणाला मिळावी हे आधीच ठरवण्याची सोय, सुरू करून मुलीचे नाव दिले आहे, आणि काय वाचायचे नाही तेही तिला समोर बसवून सांगितले आहे.